टर्बो हवा की नको?

१९८८ सालच्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर चार माणसे विमानाची वाट पाहत बसली होती आणि विमानाला उशीर झाला होता. चौघेही मॅक्लारेन या ब्रिटिश शर्यत-संघाचे कर्तेधर्ते आणि मोन्झाची शर्यत हरून घरी निघालेले. त्या वर्षी फॉर्म्युला वनच्या एकूण १६ शर्यती झाल्या, त्यांतल्या १५ मॅक्लारेनने जिंकल्या. हरली ती एकच, आणि ती नेमकी हीच. आघाडीवर असलेला आयर्टन सेना शर्यतीच्या दोन फेऱ्या उरल्या असताना एका मागे पडलेल्या गाडीला धडकला आणि फेरारीच्या दोन गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या. फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी जेमतेम महिनाभरापूर्वी वारले होते, त्यामुळे इटलीभर आनंद आणि अश्रू दोन्ही एकदमच. या चौघांच्या वाट्याला मात्र लाकडी बाक आणि रेंगाळलेली संध्याकाळ आली.

संघप्रमुख रॉन डेनिस, भागीदार मन्सूर ओज्जेह, संचालक क्राइटन ब्राउन आणि तांत्रिक बाजू सांभाळणारे गॉर्डन मरे. वेळ काढण्यासाठी सुरू झालेल्या गप्पा हळूहळू एका विषयावर स्थिरावल्या. रस्त्यावर चालवण्याजोगी, पण जगात तोड नसलेली स्पोर्ट्स कार आपण काढावी का? ही कल्पना पुढे तडीस गेली. पण तिच्यातला एक निर्णय असा होता की ऐकणाऱ्याने भुवया उंचावाव्यात. या गाडीत टर्बो नको, असे मरे यांनी ठरवले.

यात नवल ते काय, असे कोणालाही वाटेल. नवल असे की ही चारही माणसे टर्बोचेच मीठ खाल्लेली होती. त्या वर्षीच्या १५ विजयांमागे होंडाचे अवघे दीड लिटरचे टर्बो इंजिन होते. त्याआधीची तीन विजेतेपदे ज्या टर्बो इंजिनाने मिळवून दिली, ते ओज्जेह यांच्या पैशातून पोर्शने बनवले होते. आणि खुद्द मरे यांनी पाच वर्षांपूर्वी ब्रॅबहॅम संघात असताना जी गाडी रेखाटली, तिच्यावरच टर्बोचा पहिला विश्वविजेता झाला होता. हलवायाने स्वतःच्या घरी मिठाई वर्ज्य करावी, तसा हा प्रकार. त्याचे कारण समजून घ्यायचे तर आधी इंजिन श्वास कसा घेते ते पाहायला हवे.

नऊ टाक्या हवा

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलसाठी जवळजवळ ९,००० लिटर हवा. म्हणजे इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते, तशा नऊ टाक्या भरून हवा. पेट्रोल हवे तेवढे इंजिनात सोडता येते, त्याला एक बारीक पिचकारी पुरते. खरी अडचण हवेची असते. जो जास्त हवा आत घेईल, त्याची ताकद जास्त. इंजिन बनवणाऱ्यांची शंभर वर्षांची धडपड म्हणजे थोडक्यात हवा भरण्याची धडपड आहे.

साध्या, बिनटर्बोच्या इंजिनात दट्ट्या खाली जातो, पोकळी तयार होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला आत ढकलतो. यापेक्षा जास्त मदत त्याला कोणाची नाही. तेव्हा ताकद वाढवायचे मार्ग दोनच. एक तर छाती मोठी करायची, म्हणजे इंजिन तीनाऐवजी पाच-सहा लिटरचे करायचे. नाही तर श्वास भराभर घ्यायचे, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांऐवजी आठ-नऊ हजार फेरे करायचे. चार लिटरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे फिरते तेव्हा त्या एका मिनिटात बारा हजार लिटर हवा त्याच्या पोटातून जाते. गवयाच्या दमसासासारखे आहे हे. मोठी छाती निसर्गाने द्यावी लागते आणि भराभर श्वास घेण्यासाठी रियाज लागतो. इंजिनाच्या बाबतीत रियाज म्हणजे हलके दट्टे, मजबूत दांडे, अचूक झडपा आणि या सगळ्याचा न परवडणारा खर्च.

तिसरा मार्ग लोहाराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भट्टी पेटत नसेल तर भाता लावायचा. इंजिनाला भाता लावला की झाला सुपरचार्जर. पण तो भाता ओढायला इंजिनाचीच शक्ती खर्ची पडते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली याला एक नामी तोड काढून तिचे पेटंट घेतले. इंजिनाच्या धुराड्यातून तप्त वायू वेगाने बाहेर पडत असतो आणि इंधनातली जवळजवळ एक तृतीयांश उष्णता त्याच्यासोबत वाया जाते. त्या वाटेत एक छोटे पंख्याचे चाक ठेवले तर ते फुकटात फिरेल. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक बसवले तर ते बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनात भरेल. भट्टीच्या धुरानेच भाता ओढायचा! हाच टर्बोचार्जर. तळहातावर मावेल एवढी ही चाके मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतात आणि त्यांतले एक हजार अंशांच्या आसपास तापलेल्या वायूत फिरत असते.

ब्यूखींच्या कल्पनेचा फायदा विमानांनाही झाला आणि जहाजांनाही. विमान जसजसे वर जाते तसतशी हवा विरळ होते आणि बिनटर्बोचे इंजिन धापा टाकू लागते. टर्बो तेवढा जादा फिरून विरळ हवेची भरपाई करतो. १९१८ साली अमेरिकेतल्या पाइक्स पीक या १४ हजार फूट उंच डोंगरावर विमानाचे इंजिन नेऊन हे सिद्ध करण्यात आले. लेहला मोटारीने गेलेल्यांना हा अनुभव असतो. खारदुंगला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो आणि घाटात रुबाबात चढणारी साधी पेट्रोल गाडी तिथे बैलगाडीसारखी चालू लागते. टर्बोवाल्यांना त्याचा त्रास पुष्कळ कमी होतो.

पिवळ्या किटलीचा सूड

शर्यतीच्या जगात टर्बो आणला रेनॉ या फ्रेंच कंपनीने. फॉर्म्युला वनच्या नियमानुसार साधे इंजिन तीन लिटरचे चाले आणि हवा दाबून भरणारे फक्त दीड लिटरचे. निम्म्या आकाराचे इंजिन कोण वेडा घेईल, म्हणून ती तरतूद अनेक वर्षे कोणी वापरलीच नव्हती. १९७७ साली इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनला रेनॉची पिवळी गाडी उतरली आणि धूर व वाफ सोडत बंद पडली. मग पुन्हा बंद पडली. इंग्रजांनी तिचे नाव ‘पिवळी किटली’ ठेवले. पण १९७९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या कयालामी येथे याच किटलीने सर्वांत वेगवान फेरी नोंदवून पहिली जागा पटकावली. कयालामी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचावर आहे. तिथे इतरांची इंजिने धापा टाकत होती, हिची टाकत नव्हती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये तिने शर्यतही जिंकली आणि हसणारे गप्प झाले.

मग सगळेच टर्बोच्या मागे लागले. बीएमडब्ल्यूने पॉल रोशे यांना हे काम दिले. झडपा उघडणाऱ्या कॅमच्या आकारावर त्यांचे असे प्रभुत्व होते की कारखान्यात त्यांना ‘नॉकन-पाउले’, म्हणजे ‘कॅमवाला पॉल’, असेच म्हणत. रोशे यांनी नवे इंजिन ओतलेच नाही. १९६०च्या दशकापासून रस्त्यावरच्या साध्या बीएमडब्ल्यू मोटारींत जो चार सिलिंडरचा लोखंडी ठोकळा बसत होता, तोच त्यांनी घेतला. तोही भरपूर धावलेला जुना असेल तर उत्तम, कारण तापून-निवून त्याच्या धातूतले ताण निघून गेलेले असतात, असा त्यांचा अनुभव सांगितला जातो. मुरलेल्या लोणच्याचा न्याय, दुसरे काय! कुटुंबवत्सल मोटारीच्या त्या ठोकळ्यातून १९८३ साली शर्यतीत सुमारे ६४० अश्वशक्ती निघत होती. १९८६ साली पात्रता-फेरीपुरती ती तेराशेच्या घरात गेली असावी, असा अंदाज आहे. नेमका आकडा नाही, कारण मोजणी-यंत्राची मर्यादाच त्याआधी संपत होती. अशी इंजिने चार फेऱ्या टिकली तरी पुष्कळ झाले, असे समजून वापरली जात.

हे इंजिन गॉर्डन मरे यांच्या ब्रॅबहॅम गाडीत बसले. १५ ऑक्टोबर १९८३ रोजी हंगामातली शेवटची शर्यत कयालामीलाच होती. मरे स्वतः दक्षिण आफ्रिकेचे, डर्बनमध्ये जन्मलेले. १९६९ साली नशीब काढायला ते इंग्लंडला गेले होते. रेनॉचा आलाँ प्रॉस्त गुणतक्त्यात दोन गुणांनी पुढे होता आणि ब्रॅबहॅमचा नेल्सन पिके त्याच्या मागे. शर्यतीच्या मध्यावर प्रॉस्तची गाडी संथ झाली आणि बाजूला आली. टर्बो गेला होता. ज्या कंपनीने टर्बोसाठी सहा वर्षे टिंगल सोसली, तिचा तोंडाशी आलेला घास टर्बोनेच हिरावला. पिके तिसरा आला आणि दोन गुणांनी विश्वविजेता झाला. काही दिवसांतच प्रॉस्त आणि रेनॉ यांची फारकत झाली.

तेव्हा टर्बोची ताकद आणि टर्बोचा लहरीपणा, दोन्ही मरे यांनी अगदी जवळून पाहिले होते.

वळणावरचा तो एक क्षण

शर्यतीतला चालक पट्टीचा असतो. घरून दूध आणायला निघालेल्या माणसाच्या हाती टर्बो आला की काय होते, ते पोर्शे ९११ टर्बोने दाखवून दिले. १९७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ही गाडी आली. तीन लिटरचे इंजिन, २६० अश्वशक्ती, मागे भलामोठा पंख. पण हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम लागते, तेच इथे. अति तापलेले मिश्रण ठिणगीची वाट न पाहता स्वतःच भडकते आणि इंजिन ठोके देऊ लागते. ते टाळण्यासाठी त्या काळी सिलिंडरमधला दाबच मुळात कमी ठेवत. परिणाम असा की टर्बो जोरात फिरू लागेपर्यंत हे इंजिन अगदीच मवाळ असे.

आणि टर्बो जोरात फिरायला वेळ लागे. धूर वाढला तर पंखा फिरणार, पंखा फिरला तर हवा वाढणार आणि हवा वाढली तर धूर वाढणार. चालकाने पाय दाबला तरी एक-दीड क्षण काहीच होत नसे. यालाच टर्बोचा ‘लॅग’ म्हणतात, आपण ‘आळस’ म्हणू. आता कल्पना करा. वळण आले आहे. चालकाने पाय दाबला, गाडी काही हलेना, म्हणून आणखी दाबला. गाडी ऐन वळणात असताना टर्बो जागा झाला आणि सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर आली. घाबरून त्याने पाय उचलला. हीच सर्वांत मोठी चूक, कारण या गाडीचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे होते. पाय उचलताच भार पुढे सरकतो, मागची चाके पकड सोडतात आणि जड शेपूट गाडीला गर्रकन फिरवते. इंग्रजीत या गाडीला ‘विधवा करणारी’ असे नाव पडले. नावात थोडी अतिशयोक्ती असेलही, पण ते गमतीने पडलेले नव्हते.

मरे यांचा टर्बोला विरोध होता तो या कारणाने. त्यांच्या मते स्पोर्ट्स कारमध्ये उजवा पाय आणि मागचे चाक यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नको. पाय एक इंच हलला तर गाडीने तेवढेच, आणि त्याच क्षणी, उत्तर द्यावे. शिवाय टर्बो आला की त्याच्याबरोबर दाबलेली हवा थंड करणारे इंटरकूलर, नळ्या आणि उष्णतेपासून बचावाची आवरणे असे सगळे वऱ्हाड येते, आणि वजन म्हणजे मरे यांचा जन्माचा वैरी.

आधी त्यांनी होंडाकडे इंजिन मागितले. होंडाने नकार दिला. मग त्यांनी जुन्या मित्राचे दार ठोठावले. १९८३ साली ज्यांच्या साथीने टर्बोचा झेंडा रोवला त्या पॉल रोशे यांनाच ते म्हणाले, की बिनटर्बोचे इंजिन करून द्या. ५५० अश्वशक्ती आणि वजन २५० किलो, अशी मागणी होती. रोशे यांनी बारा सिलिंडरचे, ६.१ लिटरचे इंजिन दिले. ते १६ किलो जड भरले, पण ताकद ६२७ अश्वशक्ती निघाली. हा सौदा मरे यांनी कुरकुर न करता मान्य केला असणार! इंजिनाभोवतीच्या भागाला आतून चक्क सोन्याचा वर्ख लावला, कारण उष्णता परतवण्यात सोन्यासारखे दुसरे काही नाही. चालक मधोमध आणि दोन प्रवासी त्याच्या थोडे मागे, दोन बाजूंना. मे १९९२ मध्ये मॉनॅकोत मॅक्लारेन एफ-वन या नावाने ही गाडी जगापुढे आली. १९९५ साली पहिल्याच प्रयत्नात तिने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. ३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीतल्या एका चाचणी-मार्गावर अँडी वॉलेस या चालकाने तिला ताशी ३८६ किलोमीटरच्या वर नेले. एकूण गाड्या निघाल्या १०६.

त्याच सुमारास इंग्लंडातच याच्या नेमके उलट घडले. १९८८ साली बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात जॅग्वारने एक्सजे २२० ही गाडी दाखवली. तिच्यात बारा सिलिंडरचे मोठे, बिनटर्बोचे इंजिन होते आणि श्रीमंतांनी बयाणे मोजायला रांगा लावल्या. गाडी हाती आली १९९२ साली, तेव्हा आत निघाले सहा सिलिंडरचे, साडेतीन लिटरचे, दोन टर्बोंचे इंजिन. ते दुबळे होते का? अजिबात नाही. त्या वर्षी रस्त्यावरची जगातली सर्वांत वेगवान गाडी तीच होती. पण गिऱ्हाइके संतापली. मधल्या काळात मंदी आली होती आणि किंमतही चढली होती, त्यामुळे सौदा मोडायला निमित्त हवेच होते हे खरे, तरी प्रकरण कोर्टापर्यंत गेले. पैठणीचा बयाणा देऊन घरी दुसरेच लुगडे यावे, मग ते कितीही उंची असो, तशी त्यांची भावना झाली. स्पोर्ट्स कार घेणारा आकडे विकत घेत नाही, हे जॅग्वारला फार महागात पडून कळले.

टर्बो परत आला

मग सरळ प्रश्न पडतो. मरे यांचे म्हणणे इतके खरे होते, तर आज जवळजवळ सगळ्या स्पोर्ट्स गाड्यांत टर्बो कसा?

याचे उत्तर शर्यतीच्या मैदानात शोधण्यापेक्षा ब्रुसेल्सच्या कचेऱ्यांत शोधावे. युरोपीय संघाने २००९ साली कायदा केला की २०१५ पर्यंत नव्या मोटारींतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड सरासरी किलोमीटरला १३० ग्रॅमवर आला पाहिजे. नंतर ही मर्यादा ९५ ग्रॅमवर आणली गेली. मोठी छाती असलेले इंजिन हळू चालतानाही मोठेच असते आणि इंधन पिते. छोटे टर्बो इंजिन हळू चालताना छोटे असते आणि गरज पडली तरच मोठे होते. कायद्याची चाचणी बहुतांशी हळू चालवूनच होते, तेव्हा निकाल ठरलेला. प्रत्यक्ष रस्त्यावर जड पायाच्या माणसाने चालवली तर यातली बरीच बचत कागदावरच राहते, ही गोष्ट वेगळी.

पोर्शेने २०१५ साली साध्या ९११ कॅरेराचे ३.४ लिटरचे बिनटर्बोचे इंजिन काढून तीन लिटरचे, दोन टर्बोंचे बसवले. ताकद ३५० वरून ३७० अश्वशक्ती झाली, म्हणजे फार नाही. पण चाकांना मिळणारी ओढ पाहा. आधी ३९० न्यूटन-मीटरची पूर्ण ओढ मिळायला इंजिन ५,६०० फेऱ्यांपर्यंत न्यावे लागे. आता ४५० न्यूटन-मीटर अवघ्या १,७०० फेऱ्यांना हजर. फेरारीनेही त्याच साली ४५८ च्या जागी ४८८ आणली. इंजिन साडेचार लिटरवरून ३.९ लिटरवर आले आणि ताकद ५७० वरून ६७० वर गेली. आळस म्हणाल तर तो नव्या टर्बोंमध्ये जवळपास नाहीसा झाला आहे. हलकी चाके, गरम वायूच्या स्वतंत्र वाटा, सिलिंडरमध्ये थेट फवारले जाणारे पेट्रोल आणि या सगळ्यावर नजर ठेवणारा संगणक, यांनी ते साधले. गंमत अशी की फेरारीने ४८८ ची पूर्ण ओढ फक्त सर्वांत वरच्या गियरमध्ये मोकळी ठेवली. खालच्या गियरमध्ये संगणक ती मुद्दाम आवरतो, जेणेकरून वेग वाढेल तशी ताकद वाढल्याचा भास व्हावा, म्हणजे गाडी बिनटर्बोची वाटावी! ज्याला हाकलून दिले त्याचीच नक्कल करावी लागली.

आवाजाचीही तीच कथा. धुराड्याच्या वाटेत टर्बोचे चाक बसले की ते आवाजाची धार मारते. नऊ हजार फेऱ्यांना किंचाळणारे बिनटर्बोचे इंजिन एकदा ऐकले की अंगावर काटा येतो. टर्बोवाले इंजिन त्यापुढे सर्दी झाल्यासारखे बोलते. यावर बीएमडब्ल्यूने त्या दशकातल्या एम-फाइव्ह गाडीत उपाय केला तो असा, की इंजिनाचा आवाज गाडीतल्या संगीताच्या स्पीकरमधून ऐकवायचा. लाखोंची गाडी घेऊन तिचा आवाज स्पीकरमधून ऐकणे ही तोंडाला लावलेली पावडरच म्हणायची. फॉर्म्युला वनमध्ये १९८९ पासून बंदी असलेला टर्बो २०१४ साली परत आला, तेव्हा प्रेक्षकांची पहिली तक्रार आवाजाचीच होती.

आपल्याकडे टर्बोचा प्रवास उलट्या दिशेने झाला. तो स्पोर्ट्स गाड्यांतून आला नाही, डिझेलच्या ट्रक-जीपमधून आला. पुण्यात बनलेली टाटा सफारी १९९८ साली टर्बो-डिझेल घेऊनच बाजारात उतरली. आज तर रांजणगावची नेक्सॉन किंवा चाकणची टायगुन अशा घरगुती पेट्रोल गाड्यांतही लिटर-सव्वा लिटरचे टर्बो इंजिन असते. अशी गाडी घरात असेल तर एवढेच पाहावे की इंजिन-ऑइल वेळच्या वेळी आणि कंपनीने सांगितले तेच बदलले जाते. लाखांवर फेरे घेणारा तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्याला दुसरा आधार नाही. आणि घाट चढून आल्यावर किंवा महामार्गावर भरधाव पळवल्यावर किल्ली फिरवण्याआधी अर्धा मिनिट इंजिन तसेच चालू द्यावे. तप्त टर्बोला तेवढा निवायला अवधी मिळतो.

दोन्ही पक्षांचा झगडा अजून मिटलेला नाही. पोर्शेने २०२४ साली ९११ जीटीएसमध्ये टर्बोच्या दांड्यावर छोटी विजेची मोटारच बसवली. धुराची वाट न पाहता ती पंखा फिरवते आणि उरलासुरला आळसही संपवते. पण तीच पोर्शे जीटी-थ्री या गाडीत चार लिटरचे, नऊ हजार फेऱ्यांचे बिनटर्बोचे इंजिन कौतुकाने जपते. फेरारीनेही २०२४ सालच्या नव्या बारा सिलिंडरच्या गाडीला टर्बोचा स्पर्श होऊ दिला नाही. अशा गाड्यांना गिऱ्हाइकांची वाण नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात मॅक्लारेन एफ-वन दोन कोटी चार लाख डॉलरच्या पुढे विकली गेली.

आणि गॉर्डन मरे? २०२० साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या नावाच्या कंपनीतून टी-फिफ्टी नावाची गाडी जाहीर केली. गाड्या फक्त शंभर. वजन हजार किलोच्या आत, म्हणजे आपल्या रस्त्यांवरच्या पुष्कळ घरगुती गाड्यांहूनही कमी. चालक पुन्हा मधोमध, गियर हाताने बदलायचे. इंजिन बारा सिलिंडरचे, जेमतेम चार लिटरचे, १७८ किलोचे, कॉसवर्थ कंपनीने बनवलेले. ते मिनिटाला १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाते आणि त्याला टर्बो नाही. गाडीच्या मागे एक मोठा पंखा मात्र गरगरताना दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, अखेर म्हाताऱ्याने भाता लावला वाटते! पण तो इंजिनात हवा भरत नाही. गाडीखालची हवा ओढून तो तिला रस्त्याला चिकटवून ठेवतो. तसाच पंखा मरे यांनी १९७८ साली ब्रॅबहॅमच्या गाडीला लावला होता. ती गाडी एकच शर्यत धावली, ती जिंकली, आणि प्रतिस्पर्ध्यांनी एवढा गदारोळ केला की पुढच्या शर्यतीआधीच तिला घरी न्यावे लागले.